समजा, ऊन नाही

मठपती सर मंगळवारी सकाळी वारले. पौष चालू होता. त्यांची मुलगी पुण्याहून आली, दिवसपाणी उरकून परत गेली. माझ्या भिंतीपलीकडच्या त्यांच्या घरात सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकट्या राहिल्या.

सरांना कुणी "कसं काय?" विचारलं, की सर आधी गृहीतक सांगत. "समजा, गुडघा नाही. मग उत्तम."

मानवतच्या कॉलेजात ते गणित शिकवत, मी मराठी. त्यांच्या संशोधनाचा विषय त्यांनी मला कितीदा तरी समजावला. एक चादर ताणली जात आहे. तिच्यावरून पाणी वाहत आहे. पाण्यात धातूचे कण आहेत, डोळ्याला न दिसणारे. तर चादरीची उष्णता किती लवकर निघून जाईल? एवढंच. या एवढ्यासाठी त्यांनी आयुष्यभर समीकरणं मांडली. ज्या गोष्टी समीकरणात बसत नसत, त्यांना ते 'नगण्य' म्हणत. त्यांत वारा येई, गुरुत्वाकर्षण येई आणि प्राचार्यही येत.

अशी चादर त्यांनी कुठल्या कारखान्यात पाहिली नव्हती. वहिनी शेवया करत तेव्हा ते पाटाशी बसून ताणल्या जाणाऱ्या पिठाकडे टक लावून पाहत.

"एकसारखं ताण. जितकं अंतर वाढेल तितका वेग वाढला पाहिजे."

"तुमी हात धुवा अन् या की ताणायला," वहिनी म्हणत. "नुसतं बसून काय सांगायलात?"

अशाच एका उन्हाळ्यात, गच्चीवर शेवया वाळत घालताना वहिनींना ऊन लागलं. सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे यांना उष्णता सोसायची नाही. मुलीने फोनवरच ठरवून टाकलं, की आईला कायमचं पुण्याला न्यायचं. सरांना कुणी विचारलं नाही. बहुधा नगण्य धरलं असावं.

सरांनी दोन-तीन दिवस वहीत समीकरणं मांडली. मग रंगाच्या दुकानातून चंदेरी पावडरचा डबा घेऊन आले.

"भाऊसाहेब, कूलरच्या पाण्यात धातूचे कण. उष्णता पळालीच पाहिजे. खोली महाबळेश्वर होते की नाही बघा."

"पण सर, ही पावडर लोखंडी गेटला लावतात."

"कण थोडे मोठे आहेत. समजा, लहान आहेत."

मुलगी आणि जावई वहिनींना न्यायला आले त्या दुपारी प्रयोग झाला. जावयाला कूलरसमोर मानाच्या खुर्चीत बसवलं. सरांनी बटण दाबलं. समीकरणात त्यांनी सगळं धरलं होतं; कूलरला पंखा असतो, एवढंच राहिलं होतं. बघता बघता जावयाच्या मिशा पिकल्या. भुवया पिकल्या. हातातल्या पोह्यांना वर्ख लागला.

"बाबा!" मुलगी ओरडली.

"सुरुवातीचा क्षोभ आहे," सर म्हणाले. "आता स्थिर होईल."

वहिनी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत मुलीला म्हणाल्या, "मी न्हाई येत बाई. ह्यांना एकटं सोडलं तर उद्या वरणात चांदी घालतील."

जावई पाहुणे चंदेरीच परत गेले.

पावडरने पंप मात्र कायमचा बसला. नवा आणला असता तर प्रयोग फसला असं मानावं लागलं असतं, म्हणून सरांनी आणला नाही. "पंपाचा आवाज कसा येत न्हाई?" असं वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "कणांमुळे घर्षण नगण्य झालं आहे."

खरं काय ते माझ्या गच्चीवरून दिसे. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात, वहिनी दुपारी आडव्या झाल्या की सर खिडकीबाहेर स्टूल टाकून बसत. डोक्यावर छत्री, पायाशी बादली. कूलरच्या वाळ्यावर तांब्याने हळूहळू पाणी ओतत. अंगाला उन्हाचा चटका बसत असे. मी एकदा वरून हाक मारली, तर तोंडावर बोट ठेवून, खोकला दाबत कुजबुजले, "निरीक्षण चालू आहे."

यंदा चैत्रात मुलीचा पुन्हा फोन आला. भिंतीपलीकडून वहिनींचं बोलणं ऐकू येत होतं. "न्हाई गं. इथं कूलर हाय की."

गच्चीवरून पाहिलं, तर वाळा कोरडा होता. दुपारी मी पलीकडे गेलो, स्टूलवर बसलो आणि आवाज न करता पाणी ओतू लागलो. बऱ्याच वेळाने खिडकीतून वहिनींचा आवाज आला.

"भावजी, डाव्या कोपऱ्याला पाणी पोचत न्हाई. ते तिथं जरा थांबून ओतायचे."

माझा तांब्या हातातच राहिला. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"पंपाला खोकला येतो का, भावजी?"

पंप अजून बंदच आहे. छत्री मी घरून नेतो. वहिनी मानवतलाच आहेत.