साडूचा प्लग

इंजिनाच्या बाबतीत अख्ख्या सांगवीत माझा हात धरणारा कोणी नाही! माझी पंचवीस वर्षांची पेट्रोल गाडी मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. लग्नाकार्यात भांडी बदलू नयेत म्हणून आमची ही प्रत्येक पातेल्यावर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका देते. मेकॅनिकनं बदलू नयेत म्हणून मी चारही स्पार्क प्लगवर तसे ठिपके दिलेत. आता गाडी पंधरा मिनिटं खोकल्याशिवाय चालू होत नाही, हा भाग वेगळा.

पण शेळगावच्या साडूंची, विजयसिंहरावांची, गाडी अर्ध्या किल्लीत चालू! तेच साल, तेच मॉडेल! माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात मेव्हण्याच्या, सिद्धूच्या, लग्नासाठी आम्ही पणदऱ्याला जमलो, तर सासरे आबाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "नवरदेवाचा परण्या विजयसिंहरावांच्या गाडीतनं काढू. मधीच बंद पडायची न्हाय."

आणि थोरला जावई कोण? मी!

साडू जेवायला बसले तसा मी हात धुवायच्या निमित्तानं सटकलो. त्यांचं बॉनेट उघडून एक प्लग नमुन्यासाठी खिशात टाकला. जागा रिकामी नको, म्हणून माझ्या गाडीतला काळाकुट्ट प्लग तिथं बसवला. मग सिद्धूची मोटारसायकल घेतली आणि थेट बारामती!

दुकानदार गोकुळशेठनं प्लग उलटासुलटा करून पाहिला.

"साधाच हाय की. तुमच्या गाडीलाबी ह्योच लागतोय."

"शक्यच नाही! याच्यापेक्षा भारी दाखवा."

"भारी हायत, पण ते शर्यतीच्या गाडीचं. तुमचं जुनं इंजिन हळू चाललं की काजळी धरत्यात."

"चार द्या!"

रात्रीच मी ते चारही माझ्या गाडीत बसवले. दुसऱ्या दिवशी साडूंच्या गाडीनं दोन गचके दिले आणि गप्प! आबाजी हताश होऊन माझ्याकडं वळले. "महिपतराव, तुमचीच काढा आता."

माझी गाडी पहिल्या किल्लीत चालू! साडूंकडं बघत मी मिशीवरून हात फिरवला. आयुष्यात इतकं गार कधी वाटलं नव्हतं.

मारुतीच्या देवळापासून परण्याची मिरवणूक निघाली. पुढं बँड, त्याच्यापुढं नाचणारी भावकी. दहा पावलं गेली की पुन्हा नवीन गाणं! तासाभरात आम्ही दूध डेअरीपर्यंत पोचलो. तिथं गाडीला उचक्या लागल्या, मागून काळा धूर निघाला आणि ती जागेवर बसली.

"दाजी, मुहूर्त टळंल की!" सिद्धू मुंडावळ्या सावरत ओरडला.

तेवढ्यात मागून हॉर्न! साडू! गाडी एकदम ठणठणीत! नवरदेव टुणकन त्यांच्या गाडीत बसला आणि परण्या माझ्या नाकासमोरून निघून गेला. धुरानं काळवंडलेला फेटा घेऊन मी एकटाच डेअरीसमोर उभा.

अक्षता पडल्यावर साडू हळूच जवळ आले.

"एक प्लग काळा झाला हुता. पॉलिश पेपरनं घासला, झालं काम. त्याच्यावर हिरवा ठिपका हाय बघा."

मी खिशातला त्यांचा प्लग काढून पुढं धरला. साडूंनी तो परत माझ्याच खिशात घातला.

"ऱ्हाऊंद्या तुमालाच. तुमचा माझ्या गाडीत लई झ्याक चालतोय."

खरं सांगतो, त्या दिवसापासून साडूंच्या गाडीचा हेवा मी सोडलाय. आता मी माझ्याच प्लगवर जळतो!