वाकळी उसवणारे गायके सर

आमचे गायके सर कुणाच्याही घरी गेले की चहाला नको म्हणतात आणि अंथरूण मागतात. मांजरसुंब्याच्या माझ्या नणंदेनं बिचारीनं खरंच खाट टाकली, उशी दिली, पोरांना दटावलं, "गप बसा, पाव्हणे दमून आलेत." सर मात्र खाटेवरची वाकळ उलटीपालटी करत विचारत होते, "आत काय हाय?"

सर म्हणजे केजमधले माझे शेजारी. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, एकटेच राहतात. शाळेनं जुना हॉल दिल्यापासून डोक्यात एकच भूत, आपल्या भागातल्या जुन्या पोशाखांचं संग्रहालय. पण आपल्याकडे जुना कपडा राहतो कुठं? माणूस गेलं की वाटून टाकायचा, नाहीतर वाकळीत घालायचा. "मग वाकळीतच हुडकू," सर म्हणाले. जुन्या कपड्यांचे थर घालून शिवलेली ती आपली गोधडी, ती हा माणूस घरोघर उसवत सुटला. आणि दुसरं टोक धरायला कोण? मी! माझे सगळे रविवार गेले खड्ड्यात.

उसवलेली वाकळ परत शिवून द्यायची, ही सरांची बोली. टाके असे वेडेवाकडे की बघवत नाहीत. काढून घेतलेल्या कपड्याच्या जागी स्वतःच्या घरची चांगली चादर घालतात. आता त्यांच्या घरात चादर म्हणून उरली नाही.

चकलांब्याला एक आजी भडकल्या. "थंडीच्या दिसांत पांघरू काय मग, तुमचं प्रदर्शन?" त्यांच्या आईनं दिलेली वाकळ होती ती. कशाबशा तयार झाल्या. वर नायलॉनची साडी निघाली, खाली सुती पातळ, त्याखाली धोतर, मग शेरवानीची अख्खी बाही, निजामाच्या काळातली. सगळ्यात आत बाळाची कुंची. आजींनी ती मुठीवर चढवली. "माझी हाय ही," हळूच म्हणाल्या. "लाल काठाची व्हती, माय सांगायची." जन्मभर ही बाई स्वतःचं बाळपण पांघरून निजत होती! सर तर हात जोडूनच बसले.

पोशाख चढवलेल्या पुतळ्यांनी हॉल भरला. फक्त मधला लाकडी पुतळा उघडा राहिला. तिथं शेतात खपणाऱ्या बाईचं रोजचं लुगडं हवं होतं. "त्येच नसलं तर हे सगळं खोटं हाय," सर म्हणायचे. जरीची चार आली, पण रोजचं मिळेना. ते अंगावरच विरलेलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी वैतागून म्हणाले, "सर, अख्ख्या जिल्ह्याच्या वाकळी उसवल्या. तुमच्या खाटेवरची तेवढी राहिली की! तिच्यात काय हाय?"

"आई हाय," सर म्हणाले. "मी लई लहान असताना गेली. ऊसतोडीला नेसायची ते लुगडं तिनंच आत घातलंय."

"मग काढू की. मी धरते टोक."

"लोकांच्या वाकळीला मी परत टाका घातला गं. तिचा टाका कोण घालणार?"



दुसऱ्या दिवशी मधल्या पुतळ्याच्या खांद्यावर ती वाकळ होती, एकही टाका न उसवलेली. आता लोकच सरांना विचारत होते, "आत काय हाय?" सर नुसते हसत होते.

संध्याकाळी हॉल बंद करताना त्यांनी वाकळ घडी करून काखेत मारली.

"अहो सर, प्रदर्शनातली वस्तू घरी नेता?"

"मग पांघरू काय?" सर म्हणाले. "सकाळी आणतो की."