चाळीस दाबांची चिमूट

सापगावात तंबाखूची एक चिमूट मिळवण्यासाठी सार्वजनिक हापशाचा दांडा चाळीस वेळा दाबणारा एकच माणूस होता. जयराम निमसे. गाव त्यांना जयरामदादा म्हणे.

दादा मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळत. आसनगावला राहून, लोकलने जाऊन-येऊन त्यांनी बावीस वर्षं नोकरी केली. तिथे डावीकडच्या खोलीत कातडीवर संशोधन चाले, उजवीकडच्या खोलीत व्यसनावर. दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या दादांकडे असत. त्यामुळे दोन्ही विषय आपल्याला येतात, असा त्यांचा समज होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते मुदतीआधीच निवृत्त होऊन गावी आले. इथे उंदीर हाताशी नव्हते, म्हणून त्यांनी माणसं घेतली.

भेटणाऱ्याचं मनगट ते उलटं करत आणि अंगठ्याने घासून बघत. "वरची कातडी म्हणजे विटांची भिंत. मेलेल्या पेशी या विटा, मधली चरबी हा सिमेंटचा माल. तू कपड्याच्या साबणाने अंग धुतलंस, माल गेला वाहून. आता आतलं पाणी बाहेर आणि बाहेरची घाण आत."

मुरबाडला एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचा हात असाच तपासला आणि "भिंत कच्ची हाय" असं भर मांडवात जाहीर केलं. मुलीच्या मामाने लगेच मुलाला दुसरी बाहीही वर करायला लावली.

कुणी शंका काढली, तर दादांचं उत्तर ठरलेलं असे. "हे माझं मत नाय, निरीक्षण हाय."

उजव्या खोलीचं ज्ञान मात्र त्यांना स्वतःवर वापरावं लागलं. दादा तंबाखू खात. सुलोचनावहिनी होत्या तोवर त्या पुड्या लपवत. त्या वारल्या, आणि दादांचं खाणं दुप्पट झालं. पुढे शहापूरच्या डॉक्टरांनी आरसा धरून त्यांना गालाच्या आतला पांढरा डाग दाखवला. "आता सोडलीत तर बरं. नाहीतर पुढच्या खेपेला मुंबईची चिठ्ठी देईन."

दादांनी प्रयोग मांडला. हापशाशेजारी राहणाऱ्या हौसाकाकूंकडे तंबाखूचा डबा ठेवला आणि नियम समजावला.

"उंदीर दांडा दाबतो, त्याला थेंब मिळतो. मग साहेब एका थेंबाला दोन दाब करतात. मग चार, मग आठ. कुठंतरी उंदीर कंटाळतो. माझा आकडा किती, ते बघायचंय."

"आन् तुमचा दांडा कुठला?" काकूंनी विचारलं.

दादांनी हापशाकडे बोट केलं.

पहिल्या आठवड्यात चिमटीला पाच दाब. दर आठवड्याला पाच वाढवायचे. पंधरा दाबांपर्यंत बायका नुसत्या हसत होत्या. विसाला एकीने धारेखाली हंडा सरकवला. तिसाला दादांच्या तलफेच्या वेळा साऱ्या आळीला पाठ झाल्या. सकाळच्या चहानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर हंड्यांची रांग लागायची.

"दादा, एवढ्यात सोडू नका हो. घरात लगीन हाय," एकीने विनवलं.

एकदा दादा तापाने पडून होते. हौसाकाकू दारात जाऊन उभ्या राहिल्या. "भावजी, तलफ नाय आली का आज? माझं दोन हंडं बाकी हायेत."

दादांच्या तळहाताला आधी फोड आले, मग घट्टे पडले. ते घट्टे त्यांनी मला अभिमानाने दाखवले. "बघ. कातडीला त्रास झाला, तिने भिंत जाड केली. मेंदूला त्रास झाला, की तो दार उघडून देतो. दोघांत शहाणी कातडी."

आकडा चाळीसवर थांबला. महिने गेले, तो वर जाईना आणि दादा हापसायचे थांबेनात. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. आकडा का अडला, असं त्यांना विचारलं. "उंदरा-उंदरावर असतं," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात नळपाणी योजना आली. दारोदार नळ बसले, नारळ फुटला, फोटो निघाले. बातमी मीच दिली. तिसऱ्या दिवशी मी हापशावरून जात होतो. दादा एकटेच हापसत होते. खाली हंडा नव्हता. पाणी ओट्यावरून गटारात चाललं होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची नवी पुडी दिसत होती. अजून फोडलेली नव्हती.

मी हौसाकाकूंकडे गेलो. त्या चुलीवर रटरटणाऱ्या डाळीत नळाचं आणखी पाणी ओतत होत्या.

"काकू, दादांनी आता डबा घरी न्यायला काय हरकत आहे?"

"कसला डबा? तंबाखू शिमग्यालाच संपली. मला म्हणले, हौसा, नवी आणायची नाय आन् कुणाला सांगायचं पन नाय. तू आपला हातावर ओवा ठेव. तवापासनं ओवाच खातायत."

"मग हापसतात कशाला?"

"त्यांनाच इचार."

मी परत गेलो आणि विचारलं. पुडीचंही विचारलं. दादांनी दांडा सोडला.

"उजव्या खोलीत दोन पिंजरे होते. एकात उंदीर एकटा. दुसऱ्यात सात-आठ मिळून. दांडा दोन्हीकडं. एकटा होता, तो दाबतच राहायचा. बाकीचे एकमेकांच्या अंगावर उड्या मारायचे. दांडा हाय, हे पन विसरायचे." त्यांनी रिकाम्या ओट्याकडे बघितलं. "सुलोचना गेल्यापासनं मला…"

एवढ्यात हौसाकाकू रिकामा हंडा घेऊन आल्या आणि त्यांनी तो धारेखाली ठेवला.

"घरी नळ हाय ना गो तुझ्या?" दादा म्हणाले.

"हाय. पन त्या पान्यात डाळ शिजत नाय."

"असं कसं? पाणी ते पाणी."

"हे माझं मत नाय भावजी, निरीक्षण हाय."

काकूंनी एका हाताने ओव्याची चिमूट पुढे केली आणि दुसरा हात पसरला. दादांनी खिशातली पुडी काढून त्या हातावर ठेवली, ओवा तोंडात टाकला आणि दांडा धरला. काकूंच्या चुलीवरून शिजत आलेल्या डाळीचा वास हापशापर्यंत येत होता. दादांनाही तो आला असणार. त्यांनी मोजून चाळीस दाब मारले. हंडा भरला, तेव्हा काकूंनी मागे वळून आळीतल्या बायकांना हाक घातली.