शिरसाठकाकांचं पिवळं बटण

शिरसाठकाका कॉम्प्युटरच्या माउसला लाल फीत बांधायचे. कायम नाही, आमच्या कॉलनीच्या वेबसाइटची थीम बदलायचं काम चालू असेल तेव्हाच. हातभर लांब, लालभडक फीत टेबलावरून खाली लोंबायची आणि ती लोंबत असेपर्यंत कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही. काम संपलं की फितीची घडी पँटच्या खिशात.

काकांचं उभं आयुष्य ओझरच्या विमान कारखान्यात, विमानांच्या देखभालीत गेलं. काम चालू असलेल्या विमानाला लाल फीत लोंबवायची, हा नियम तिथलाच. आमची कॉलनी आडगाव नाक्याच्या पुढे; मी शाळामास्तरीण, त्यांची शेजारीण. दोन हजार सालानंतर चारेक वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यात आलं, कॉलनीची वेबसाइट हवी. पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, आरती कुणाकडे, शिवाय फोटो. सभेत टाळ्या पडल्या. सांभाळणार कोण, असं विचारताच सगळे चपला शोधायला लागले. काका तेवढे बसून राहिले. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांना कशाची तरी देखभाल करायचीच होती.

थीम म्हणजे साइटचे कपडे. मजकूर तोच, रंग, अक्षर आणि मांडणी तेवढी बदलायची. इंटरनेटवर फुकट मिळायच्या, आणि काका त्या हावरटासारख्या उतरवून घ्यायचे. द्राक्षांच्या दिवसांत साइट जांभळी, श्रावणात हिरवी, गणपतीत शेंदरी. पण नवी थीम थेट साइटवर कधीच नाही. "आधी जमिनीवर फिरवून बघू," म्हणत ती घरातल्या दुसऱ्या, जुन्या कॉम्प्युटरवर चढवायची, पान न् पान उघडून बघायचं. मध्येच लाइट गेली, की गॅलरीत जाऊन वीज मंडळाच्या नावानं शंख, आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

शेवटची तपासणी दुसऱ्या माणसानं करायची, हाही कारखान्याचा नियम. ते दुसरं माणूस म्हणजे मी. पेपर तपासत बसले असले तरी भिंतीपलीकडून हाक यायची, "ताई, तपासणीला या!" मी जायचं, सगळीकडे क्लिक करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "उडायला हरकत नाही." हळू म्हटलं तर परत म्हणायला लावायचे.

या सगळ्या थाटमाटात एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. उजवीकडे वर, कोपऱ्यात, पापडाएवढं पिवळं बटण. त्यावर लिहिलेलं, 'फोटो'. जांभळ्या पानावर ते इतकं भयाण दिसायचं की मी डोळे मिटून दाबायची. काही बोलायला गेलं की काका म्हणायचे, "रंग तुमचा, बटण माझं."

कॉलनीचे सेक्रेटरी गोसावी यांना हे पटेना. त्यांच्या भाच्यानं डिझाइनचा कोर्स केला होता. गोसाव्यांनी गोड बोलून काकांकडून पासवर्ड घेतला आणि एका सकाळी भाच्याची थीम थेट साइटवर चढवली. काळं पान, उड्या मारणारी अक्षरं. पिवळं बटण गायब. फोटो कुठल्याशा यादीच्या पोटात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते काळं पानही गेलं. काकांनी सगळी साइट उतरवून पांढऱ्या पानावर एकच ओळ ठेवली होती: 'विमान जमिनीवर आहे.' गोसाव्यांच्या जावयाचा दुबईहून घाबरून फोन आला, कोणतं विमान?

तातडीची सभा भरली.

"काका, साइट कॉलनीची आहे, तुमच्या घरची नाही," गोसावी म्हणाले.

"म्हणूनच बटण राहणार."

"अहो, पण कारण?"

"कारण नाय सांगत. ठराव करा, मतदान घ्या, काय वाटंल ते करा. बटण हलवायचं तर आधी मला हलवा."

मतदान रविवारवर गेलं आणि काकांची समजूत काढायला मला धाडण्यात आलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर जुन्या कॉम्प्युटरसमोर त्यांच्या पत्नी, सुमनकाकू बसलेल्या. त्यावर साइटचं आधीचं पान अजून होतं. काकू विसरायला लागल्यात, एवढं कॉलनीला माहीत होतं. किती, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू गं कुणाची?" पण माउसवरचा हात मात्र न चाचपडता वर उजवीकडे गेला आणि पिवळ्या बटणावर थांबला. कॉलनीचे फोटो उघडले. एकेकीच्या चेहऱ्यावर बोट ठेवत काकू सांगू लागल्या, "ही मंदा. ही शेजारची मास्तरीण, लय बडबडते." मी अगदी शेजारीच उभी होते.

काका मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "तिला नवं काही ध्यानात राहत नाय. हे बटण कसं राहिलं, देव जाणे. त्या दिवशी काळं पान आलं, तर दिवसभर कोपऱ्यात बोट दाबत बसली. मग रडली."

तरी मी माझं शहाणपण सोडलं नाही. "काका, हे जुनं पान आहेच की घरात. काकूंना हेच वेगळं ठेवा ना."

काका असे भडकले की मी दोन पावलं मागे सरले. "वेगळं का? ती कॉलनीतली नाय? सगळे जातात त्याच दारानं तीबी जाणार. आणि हे कुणाला बोलायचं नाय, ताई. कीव नको मला."

रविवारी सभेत गोसाव्यांनी हात वर करायला सांगितले. मी उठूनच उभी राहिले. "तपासणी माझ्याकडे आहे. बटण नसेल तर मी मंजुरी देणार नाही."

"कारण?" गोसावी म्हणाले.

"नाही सांगत."

आता दोन-दोन वेडे कोण सांभाळणार, म्हणून गोसाव्यांनी हात टेकले. भाच्याची थीम राहिली. काळं पान, उड्या मारणारी अक्षरं, आणि कोपऱ्यात पापडाएवढं पिवळं बटण. भाचा म्हणे दोन दिवस जेवला नाही.

त्या तपासणीला काकांनी आधी काकूंना खुर्चीत बसवलं आणि माउसची फीत सोडली. काळं पान बघून काकू थबकल्या. मग हात हळूच वर उजवीकडे गेला.

फोटो उघडले. एका जुन्या फोटोत कारखान्याच्या निळ्या कपड्यांतल्या तरुण काकांवर बोट ठेवून काकू मला म्हणाल्या, "हे आमचे. कारखान्यात असतात. बस आली की येतील."

"येतील," शेजारी बसलेले काका म्हणाले. "बस निघाली ओझरहून." फितीची घडी करता करता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बोला ताई. नियम म्हणजे नियम."

"उडायला हरकत नाही," मी म्हणाले. आवाज फार हळू निघाला होता, पण त्या दिवशी त्यांनी परत म्हणायला लावलं नाही.