गाडी सुलभ, स्टेशन दुसऱ्या टप्प्यात

"आज माझ्या तोंडून तक्रारीचा एक शब्दही निघणार नाही!" असं मी त्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांसमोर ठणकावून जाहीर केलं.

घरातले सगळे म्हणजे दादा आणि वहिनी. दादा चहा पिता पिता इतका हसला की अर्धा चहा बशीत आणि अर्धा सदऱ्यावर सांडला. मला घरात 'तक्रारपेटी' म्हणतात. आता मी गणिताची शिक्षिका. चुकीला चूक म्हणणं हा माझा व्यवसाय आहे, त्याला तक्रार म्हणायचं कारण काय? पण नाही! माझे पाय संपावर गेले आणि मी चाकांच्या खुर्चीत बसले, तेव्हापासून मी तोंड उघडलं की लोक आधीच हात जोडतात.

तर त्या दिवशी आमच्या भुयारी रेल्वेची पहिली सुधारलेली गाडी सुटणार होती. या गाड्या माझ्या वयाच्या. धावताना माझ्या गुडघ्यांसारख्याच वाजायच्या. त्यांना आता नवा रंग दिला होता, नव्या बैठका बसवल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे त्या व्हीलचेअरसाठी 'सुलभ' केल्या होत्या. पहिल्या फेरीची मानाची प्रवासी म्हणून मला बोलावणं होतं. रेल्वेच्या इंजिनिअरनं स्वतः फोन केला होता.

मानाचं मला काही नव्हतं हो. मला जायचं होतं ताईकडे. माझी थोरली बहीण याच मार्गावर राहते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझी खुर्ची बॅटरीवर चालणारी, लोखंडी कपाटाएवढी जड. टॅक्सीवाले ती लांबून बघूनच वेग वाढवतात. ताईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिचंही येणं कमीच. माझे पाय गेल्यापासून मी तिच्या घराचा उंबरठा बघितला नव्हता. आदल्या दिवशी मी तिला फोनवर सांगितलं, "उद्या स्टेशनवर ये. तुझ्या घरी चहा प्यायला येते!"

वहिनी आणि मी स्टेशनवर पोचलो. लिफ्ट चालू होती! प्लॅटफॉर्म गाडीच्या जमिनीच्या बरोबरीला आणलेला! मी खुर्चीची कळ पुढे ढकलली आणि लोण्यातून सुरी जावी तशी सरळ गाडीत गेले. मागून वहिनी आली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. कुणी उचललं नाही, कुणी ढकललं नाही, कुणी "बिच्चारी" म्हणालं नाही!

"कसं वाटतंय, मॅडम?" इंजिनिअर विचारत होता. हा एक उत्साही, सडपातळ माणूस. हातात कायम एक फडकं. काचेवर कुणाचं बोट उमटलं की पुसायला धावायचा. "आणि हे बघा, मदतीचं बटण! तुमच्या हाताच्या उंचीवर. दाबलं की थेट ड्रायव्हरशी बोलता येतं."

"वा!" मी म्हणाले. वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला ताप भरलाय.

बाहेर प्लॅटफॉर्मवर समारंभ चालू होता. सगळ्यांना सरबत दिलं गेलं. उकडत होतं, म्हणून मी दुसऱ्यांदाही घेतलं. मोठे साहेब हातात कात्री घेऊन दारातल्या फितीपाशी उभे होते. पोट असं, की फीत आपोआप ताणली जात होती. आधी एक छोटे साहेब मोठ्या साहेबांची ओळख करून द्यायला उठले. ओळख संपेचना! साहेबांचं बालपण झालं, शिक्षण झालं, स्वभाव झाला. शेवटी एकदाचे छोटे साहेब थांबले आणि लोकांनी सुटकेच्या आनंदात टाळ्यांचा कडकडाट केला.

ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, टाळ्या वाजल्या की गाडी सोड.

त्यानं सोडली!

दारं धाडकन मिटली. फितीचं एक टोक दारात, दुसरं साहेबांच्या मुठीत. साहेब कात्री उंचावून गाडीबरोबर धावताना मी काचेतून बघितले. मग फीत त्यांच्या हातात राहिली आणि आम्ही बोगद्यात! अख्ख्या गाडीत मी, वहिनी, आणि काचेवरचा डाग पुसायला आत शिरलेला इंजिनिअर.

"अय्या!" वहिनी म्हणाली.

"काळजी करू नका," इंजिनिअर म्हणाला, पण फडक्यानं स्वतःचंच कपाळ पुसत होता. "पुढच्या स्टेशनवर उतरू आणि परत जाऊ."

पुढचं स्टेशन आलं. दारं उघडली. मी पुढे झाले आणि कचकन थांबले. प्लॅटफॉर्म चांगला गुडघाभर खाली!

"हे काय?" मी विचारलं.

"इथला प्लॅटफॉर्म उंच करायचं काम दुसऱ्या टप्प्यात आहे, मॅडम."

"बरं, मग त्याच्या पुढच्या स्टेशनवर?"

"तिथं प्लॅटफॉर्म अगदी बरोबर आहे!"

"हं!"

"फक्त लिफ्ट नाही. लिफ्ट दुसऱ्या टप्प्यात."

"म्हणजे मी प्लॅटफॉर्मवर उतरायचं आणि तिथंच संसार थाटायचा?"

"आणि पार दुसऱ्या टोकाला, यांच्या बहिणीच्या स्टेशनवर हो?" वहिनीनं मुद्द्याचं विचारलं.

इंजिनिअर काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

"तिथं... दोन्ही दुसऱ्या टप्प्यात आहेत. बाकीच्या स्टेशनांवरही काही ना काही राहिलंच आहे."

ऐकलंत? गाडी सुलभ! रंग नवा, बैठका नव्या, व्हीलचेअरला जागा ऐसपैस! फक्त जिथं चढले त्या एका स्टेशनाखेरीज कुठंही उतरायची सोय नाही! मी चढायचं, शहराखालून गोल चक्कर मारायची आणि परत तिथंच उतरायचं! मी प्रवासी आहे की घड्याळाचा काटा?

"ड्रायव्हरला सांगा, गाडी मागे घ्या!"

"मार्ग गोल आहे, मॅडम. मागे येता येत नाही."

तेव्हा मी ते बटण दाबलं. लाल दिवा लागला. "अहो ड्रायव्हर!" मी ओरडले. उत्तर नाही. "अहो, ऐकू येतंय का?" काही नाही! हात बटणावर तसाच दाबून धरला, पुन्हा ओरडले. दिवा काही विझेना, पलीकडून आवाज येईना.

"बटणही दुसऱ्या टप्प्यात का?" मी कडाडले. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची मला सवय आहे. "स्टेशन दुसऱ्या टप्प्यात, लिफ्ट दुसऱ्या टप्प्यात! मग तुमच्या साहेबांचं डोकं कुठल्या टप्प्यात बसवणार आहात?"

"पोट मात्र पहिल्याच टप्प्यात पुरं झालंय हो, वन्सं," वहिनी म्हणाली. एरवी ती साधी बाई आहे, पण कुणी सुरुवात करून दिली की तिला राहवत नाही.

"मॅडम, शांत व्हा," इंजिनिअर काकुळतीला आला. "मी चार माणसं बोलावतो. खुर्चीसकट तुम्हाला उचलून जिन्यानं वर..."

"खबरदार! मी काय कपाट आहे? मला कुणी हात लावायचा नाही! मी या गाडीतून हलणार नाही!"

"बरोबर आहे!" वहिनी म्हणाली. "पण वन्सं, ताईंचा चहा राहिला."

"जाऊ दे. तिचा चहा म्हणजे कोमट पाणी. मी बहिणीला भेटायला निघाले होते, चहाला नव्हे."

पुढचं स्टेशन आलं. दारं उघडली, आणि प्लॅटफॉर्मवरून टाळ्या! मला वाटलं, नव्या गाडीला असतील. तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आत आले. त्यांनी माझ्याकडे बघून काठी उंचावली. "हलू नका, बाई! आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!" मागून बाबागाडी घेऊन एक बाई चढली. दोन अनोळखी माणसांनी ती बाबागाडी जिन्यावरून उचलून आणून दिली होती, आणि बाळ त्या माणसांकडे संशयानं बघत होतं. "रोज असंच कुणाला तरी विनवावं लागतं," ती म्हणाली. "बरं केलंत तुम्ही बोललात!"

"मी काय बोलले?" मी वहिनीला विचारलं.

त्याच्या पुढच्या स्टेशनवर तर घोषणा चालू! "पहिला टप्पा, दुसरा टप्पा, सांगू नका थापा!" डबा भरायला लागला. कुबड्यावाले, पाठदुखीवाले, सामानवाले, आणि नुसतेच हौशी. एक जण मला म्हणाला, "साहेबांच्या डोक्याचं काय बोललात! एकदम फक्कड!"

याला कसं कळलं?

ते ताईच्या स्टेशनवर कळलं. ताई अगदी कडेला उभी होती, हातात पिशवी, चेहरा लालबुंद. दारं उघडल्याबरोबर खालूनच ओरडली, "अगं बटणावरचा हात काढ! सगळ्या स्टेशनांवर ऐकू येतंय! आणि काय गं, माझा चहा कोमट पाणी?"

इंजिनिअरनं बटणामागची तार तपासली आणि सगळं कबूल केलं. साहेबांचं भाषण गाडीतून सगळ्या स्टेशनांवर ऐकवायचं होतं. त्यासाठी वायरमननं भोंग्यांची तार जोडून ठेवली होती. चुकून ती बसली होती माझ्या मदतीच्या बटणाला! ड्रायव्हर सोडून सगळ्या शहरानं मला ऐकलं होतं. साहेबांचं डोकं, साहेबांचं पोट, ताईचा चहा, सगळं!

मी हात काढला. ताई खाली, मी वर. मध्ये गुडघाभर उंचीची ती कड. एवढ्या दिवसांनी आम्ही समोरासमोर आलो होतो आणि मला एक वीतभरसुद्धा पुढे सरकता येत नव्हतं. संताप असा आला की शब्दच फुटेना. तक्रारपेटी बंद! ताईनं हात वर केला, मी वाकून धरला. तिचे केस पार पांढरे झाले होते. फोनवर ते दिसत नाहीत ना.

"तुला उतरता येत नाही?" ती म्हणाली.

"नाही."

"मग मीच चढते. सरक!"

गुडघे दुखत असताना ती त्या कडेवर चढली. चढताना चार जणांच्या वाटणीचं कण्हली, दोघांनी तिला वर ओढलं. माझ्या शेजारी बसली, पिशवीतून थर्मास काढला आणि टोपणात चहा ओतला. "पी! आणि सांग सगळ्यांना कसा आहे ते!"

प्यायले. कोमट होता. पण तेव्हा बटण बंद होतं आणि मी काही बोलले नाही.

पण दोन वेळचं सरबत आणि वरून हा चहा! अर्धं शहर पार व्हायच्या आत माझ्या लक्षात आलं की आता प्रश्न साहेबांचा नाही, ताईचा नाही, टप्प्यांचाही नाही. "वहिनी," मी हळूच म्हणाले, "मला जायचंय."

"कुठं?"

"अहो, जायचंय!"

वहिनीनं इंजिनिअरला विचारलं. बाथरूम प्रत्येक स्टेशनवर होतं. प्रत्येक स्टेशनवर जिन्याच्या वर होतं. आता सारा डबा माझ्या नावानं घोषणा देत होता, आणि मी दात आवळून बोगद्यातले दिवे मोजत होते. प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबायची, टाळ्या व्हायच्या, कुणीतरी आत येऊन माझा हात हलवायचं. हलवू नका हो!

शेवटी एकदाचं आमचं स्टेशन आलं. प्लॅटफॉर्मवर ही गर्दी! पुढे पत्रकार, मध्ये मोठे साहेब, मुठीत अजून ती फीत. साहेबांनी बहुतेक कुणाच्या तरी सल्ल्यावरून चेहऱ्यावर हसू चिकटवलं होतं. एका पत्रकारानं माइक माझ्या तोंडाशी धरला.

"बाई, शहराचं लक्ष तुमच्याकडे लागलंय! तुमची मागणी काय?"

मागण्या होत्या हो! सगळी स्टेशनं, सगळ्या लिफ्ट, सगळे प्लॅटफॉर्म. मुद्देसूद मांडायला मला कितीसा वेळ लागतो? पण शरीर म्हणून काही असतं की नाही?

"बाथरूम!" मी किंचाळले.

काठीवाल्या आजोबांनी काठी उंचावली. "बाथरूम झालंच पाहिजे!" आणि सगळी गर्दी: "झालंच पाहिजे! झालंच पाहिजे!"

साहेबांचा चेहरा असा उजळला, जसं काही फाशी रद्द झाली. "मान्य!" ते ओरडले. "तुमची मागणी ताबडतोब मान्य!"

मी कळ दाबली आणि लिफ्टकडे सुसाट सुटले. लोकांना वाटलं, विजयाची मिरवणूक! स्टेशनातल्या बाथरूमचं दार माझ्या खुर्चीला अरुंद, पण स्टेशनसमोर दातांचा दवाखाना आहे, त्याच्या दाराला पायरी नाही. मी आत घुसले, मागोमाग वहिनी, बाहेर दोनेकशे माणसं घोषणा देत उभी. दातांचे डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात हात घालून बसले होते. मी ओरडले, "कुठं आहे?" त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

बाहेर येऊन खऱ्या मागण्या सांगाव्यात म्हणून मी परत प्लॅटफॉर्मवर गेले, तर साहेब गेले होते, पत्रकार गेले होते. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच बातमी, शिक्षिकेच्या लढ्याला यश! हे यश? एवढं शहर माझ्या मागे उभं राहिलं आणि मी मागितलं काय!

ताई आता दर रविवारी तिच्या स्टेशनवर तशीच कण्हत गाडीत चढते. आम्ही दोघी एक गोल चक्कर मारतो, भांडतो, थर्मास रिकामा करतो, आणि मग ती उतरते. मी सरबत घेत नाही. दुसऱ्या टप्प्याबद्दल मी रोज फोन करते. तिकडे आता माझा आवाज ओळखतात आणि उचलणारा माणूस आधीच म्हणतो, "मॅडम, दुसरा टप्पा ना?"

बाथरूम मात्र झालं. ताबडतोब! आमच्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरच, रुंद दाराचं, पायरी नसलेलं, हाताला धरायला दांडे. दारावर पितळी पाटी, आणि पाटीवर माझं नाव! काल इंजिनिअरचा फोन आला. आवाजात तोच उत्साह.

"मॅडम, सोमवारी उद्घाटन. मोठे साहेब येणार, फोटोवाले येणार, लोकांचीही खूप गर्दी असेल. उद्घाटन तुमच्याच हस्ते!"

मी हो म्हणून बसले. पण तेव्हापासून विचार करतेय, बाथरूमचं उद्घाटन म्हणजे मी नक्की काय करून दाखवायचं?