काळ्या बंपरवरचा पांढरा पुरावा

खांदा कॉलनीतल्या नवप्रभात सोसायटीचे सभासद इंद्रजीत सबनीस यांनी एका रविवारी सकाळी स्वतःच्या गाडीला स्वतःच्या हाताने वॅक्स लावलं. सुशिक्षित माणसाने करू नये असा हा उद्योग. निमित्त होतं पार्किंगचं. सोसायटीत गाड्या भरमसाट आणि छप्पर टीचभर. सहा वर्षं कंपाउंडच्या भिंतीलगत उन्हात गाडी भाजून काढल्यावर यंदा कुठे इंद्रजीतला इमारतीखालची सावलीतली जागा मिळाली होती. पनवेलच्या मे महिन्यात सावलीची किंमत काय असते, हे स्टिअरिंगला हात लावून बोंबललेल्या माणसालाच कळतं. अशा जागेत मळकी गाडी उभी करणं त्याच्या जिवावर आलं.

लाल पत्रा झकास चमकला. पण वॅक्सचा हात पुढच्या काळ्या प्लास्टिकच्या बंपरवरही फिरला होता. ते प्लास्टिक खरखरीत. वॅक्स त्याच्या बारीक रेघांत जाऊन बसलं आणि वाळल्यावर पांढरंफटक दिसू लागलं. ओल्या फडक्याने पुसलं तर आणखीच पसरलं. "बघू पुढच्या रविवारी," म्हणून इंद्रजीतने फडकं पिळलं आणि तो जेवायला वर गेला.

त्याच संध्याकाळी चेअरमन कमळाकर प्रधान यांच्या पांढऱ्या गाडीचं मागचं दार खरचटलेलं आढळलं. प्रधान निवृत्त अधिकारी. कोणत्या खात्यातून निवृत्त झाले ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, पण बोलण्यावरून सगळ्याच खात्यांतून झाले असावेत. त्यांनी पार्किंगमध्ये फेरी मारली आणि इंद्रजीतला खाली बोलावून घेतलं.

"सबनीस, हे काय आहे?"

"वॅक्स आहे, काका. वाळलंय."

"प्रथमदर्शनी पांढरं आहे."

"वॅक्स पांढरंच असतं."

"माझी गाडीसुद्धा पांढरीच आहे," प्रधान म्हणाले. आता यापुढे बोलण्यासारखं काय उरलं, असा त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्याच्या गाडीला धडक देणाऱ्याची सावलीतली जागा काढून घ्यावी, असा सोसायटीचा ठराव होता. इंद्रजीत धावत वर गेला. मितालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तोवर मोबाइलवर उपाय शोधलेही होते. "अरे, पीनट बटर लावून टूथब्रशने घासायचं म्हणे. नाहीतर साधं खोडरबर चालतं."

खोडरबर घेऊन तो खाली आला, तर बंपरसमोर खुर्ची टाकून वॉचमन बुधाजी बसलेला.

"सायेब, हात नाय लावायचा," बुधाजी म्हणाला. "चेअरमन बोलले, डागावर ध्यान ठेव. मंग गेटवर कोन बसंल, ते काय बोलले नाय."

समितीची भूमिका स्वच्छ होती. डाग काढला तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका, ठेवला तर ती मूक कबुली. गाडी बाहेर नेल्यास धुळीने डागाचं मूळ स्वरूप बदलेल, म्हणून गाडी हलवायलाही मनाई झाली. इंद्रजीत शेअर रिक्षाने ऑफिसला जाऊ लागला. डाग मात्र घरीच आरामात होता. सभासद सहकुटुंब येऊन तो बघून जात. बघताना प्रत्येकाची नजर बंपरवरून हळूच खालच्या थंडगार फरशीवर उतरे. एकजण तर टेप घेऊन आला. डाग मोजायचाय म्हणाला, पण मोजली जागा.

मग विशेष सभा झाली. इंद्रजीतच्या बाजूने उभा राहिला तो एकटा हरेश म्हात्रे, मूळचा उरणचा, बंदरात नोकरीला.

"अवो, वॅक्स हाय तो! आमी पन गाडी पुसतो. कुनीतरी वास घेऊन बगा ना!"

"वासाबाबत उपविधींत तरतूद नाही," प्रधानांनी सांगितलं.

इतक्यात पहिल्या रांगेतून खुद्द सुमतीकाकू प्रधान म्हणाल्या, "अहो, पण ते दार तुम्हीच नाही का दूध केंद्राच्या खांबाला घासलंत? मी शेजारीच बसले होते. केवढ्याने ओरडले मी!"

प्रधानांनी चष्मा पुसला. "हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही," ते म्हणाले. काकूंचे आभार मानून पुढचं कामकाज सुरू झालं.

शेवटी सर्वांसमक्ष चाचणी घ्यायचं ठरलं. घासून गेला तर वॅक्स, नाही गेला तर रंग. इंद्रजीतला इतकं हायसं वाटलं की त्याने टाळीच वाजवली. सगळी सभा पार्किंगमध्ये आली. स्वतःचं खोडरबर वापरू दिलं नाही; निःपक्षपातीपणासाठी सोसायटीच्या ऑफिसातलं देण्यात आलं. गुडघे टेकून, घामाने निथळत तो रेघ न् रेघ घासत राहिला. बंपर काळाकुळकुळीत झाला.

"बघा! गेलं! वॅक्सच होतं!"

प्रधान वाकले. नीट न्याहाळून म्हणाले, "कुठे आहे?"

"काय?"

"वॅक्स."

"गेलं ना, काका!"

"म्हणजे आता पुरावाच नाही," प्रधान खिन्नपणे म्हणाले. "आणि तो तुम्ही सर्वांदेखत नष्ट केलात."

इंद्रजीतची जागा काढून घेण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात हरेशचं एकच मत. खुद्द इंद्रजीतला हितसंबंध गुंतल्यामुळे मत देता आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. गाडी परत भिंतीलगत उन्हात गेली, आणि इंद्रजीतला त्या रात्री घास गिळवेना. इतकी वर्षं ज्यांच्या घरच्या पूजेचा प्रसाद खाल्ला, त्यांनी हात वर करताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याला खरोखर रडू आलं.

पुढच्या महिन्यात प्रधान स्वतः त्याच्या घरी आले. सोसायटी कायमस्वरूपी डाग निरीक्षण उपसमिती नेमत होती. "तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे, सबनीस? आणि हो, कारवाईत रिकामी होणारी जागा कामाच्या सोयीसाठी उपसमितीच्या सदस्यालाच मिळेल."

ते गेल्यावर मितालीने विचारलं, "नाही म्हणालास ना?"

"बाहेरून ओरडून काही होत नाही गं," इंद्रजीत म्हणाला. "व्यवस्था आत राहूनच सुधारावी लागते."

पहिल्याच फेरीत त्याला हरेशची गाडी दिसली. सावलीत उभी, नुकतीच चमकवलेली. वॅक्सचा उरलेला डबा हरेशने त्याच्याकडूनच मागून नेला होता. काळ्या बंपरच्या रेघांत पांढरं वाळलेलं. इंद्रजीतने वाकून वास घेतला. वॅक्स. तिळमात्र शंका नाही.

"काय सबनीस, चमकते का नाय?" हरेश हसत पुढे आला.

इंद्रजीतने गाडीखालच्या थंड फरशीवरून हात फिरवला.

"हरेशराव," तो म्हणाला, "जरा बाजूला उभे राहता का?"

इंद्रजीतचा तुम्हाला संताप आला असेल. येणारच, तुमची गाडी सावलीत लागत असेल तर. पण उन्हात लागत असेल, तर हे वाचता वाचता मनातल्या मनात कोणाचा बंपर आठवत होतात, तेवढं सांगा.