सगुणाआत्याचा कार्डिओग्राम

आमची सगुणाआत्या नवऱ्याशी म्हशीमार्फत बोलायची. हे मी थट्टेनं लिहीत नाही. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला नवलही उरलं नव्हतं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गोठ्याच्या दारात उभे राहायचे आणि आत्या धार काढता काढता म्हशीला सांगायची, "भोरे, सांग त्येंना, पेंड सपलीया. आन सदऱ्याचं बटान तुटलंय. काढून ठिवा म्हनावं, लावते. न्हाई ठिवला तर ऱ्हायलं. मला काय करायचंय?"

"मला काय करायचंय" हे तिचं पालुपद. ते म्हणून झालं, की ती ते काम करायला घ्यायची.

मामा फौजेतून पेन्शनवर आलेले, मुळातच अबोल. तेही म्हशीलाच उत्तर द्यायचे. "भोरे, आनतो म्हनावं." भोरी रवंथ करत राहायची. माझे वडील म्हणायचे, "त्या म्हशीला एक दिवस वाचा फुटली, तर ह्यांचा संसार मोडंल बघा."

अबोला धरला गेला तोही म्हशीवरूनच. आत्यानं माहेराहून, म्हणजे गावातल्याच आमच्या घरून, चंद्री नावाची रेडी नेली होती. तिची म्हैस झाली, पुढं ती भाकड झाली आणि मामांनी ती आत्याला न विचारता बाजारात विकली. आत्या रडली नाही, माहेरीही आली नाही. तिनं फक्त बोलणं सोडलं. मामा घाबरले. पुढच्याच बाजाराला त्यांनी ही भोरी आणून दारात बांधली. आत्यानं तिला पाणी दाखवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सांग त्येंना, माझी म्हस परत आली न्हाई म्हनावं." तेव्हापासून हे सुरू झालं. मी तेव्हा मराठी शाळेत होतो.

त्यांना मूलबाळ नव्हतं. भोरी चरायला गेली असेल, तर निरोप मी न्यायचा. एकदा धीर करून मी विचारलं, "आत्या, सरळ का बोलत नाहीस?"

"चंद्री इकताना त्येंनी इचारलं हुतं का मला सरळ?"

मी निरोप घेऊन निघालो.

मग आत्याच्या छातीत दुखायला लागलं. जिना नाही, डोंगर नाही, नुसती पाण्याची घागर आणली तरी ती उंबऱ्यावर टेकायची. आष्ट्याच्या डॉक्टरांनी सांगलीला नेऊन तपासण्या करायला सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सांगलीतच विश्रामबागेत खोली घेऊन राहायचो. त्यामुळे दवाखान्याचं मला सगळं कळतं, असा घरच्यांचा समज. मला काहीच कळत नव्हतं. मी आधी जाऊन विचारून आलो आणि रविवारी गावी येऊन, परीक्षेला पाठ केल्यासारखं, सांगितलं : रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळी चहासुद्धा नाही, अंगाला तेल लावायचं नाही, एक्स-रेच्या वेळी गळ्यात काही ठेवायचं नाही.

"डोरलं बी?" आत्यानं विचारलं.

"हो. ते काढावं लागेल."

"मालक जित्तं असताना?" ती माझ्यावरच उखडली. "त्या मशिनीला म्हनावं, डोरल्यासकट काढ फोटू. लय श्यानी लागून गेली!"

मामा जमिनीकडे बघत होते. पण मला वाटतं, त्यांच्या मिशा किंचित हलल्या.

शेवटी तोड आत्यानंच काढली. तिनं दोऱ्याला हळद लावली, त्यात हळकुंड ओवलं आणि तो दोरा डोरलं उतरवायच्या आधीच गळ्यात बांधला. म्हणजे डोरलं उतरलं, तरी गळा मोकळा राहायचा नाही. बाकीची तयारी तिनं संध्याकाळी गोठ्यात केली. मी कडब्याच्या पेंढ्या रचत होतो, म्हणून ऐकली.

"भोरे, ध्यान दे. उद्या मी न्हाई आले माघारी, तर सांग त्येंना. लोनचं मोठ्या बरनीतलं आधी काढायचं न्हाई, बारक्या बरनीतलं सपवायचं. गरम धडुतं टरंकंत तळाला हायती. थंडीत छाती धरती त्येंची, कवा सांगत न्हाईत. भाकरी येत न्हाई, तर शेजारनीकडं पीठ द्या म्हनावं, लाजू नगा. आन तुला इकायचं न्हाई. आधी इचारायचं."

"कुनाला इचारायचं, भोरे?" मामा दारातनं म्हणाले. "इचारायला कोन ऱ्हानार हाय?"

बादलीत धार पडत राहिली.

सकाळी पहिल्या एस.टी.नं निघालो. गाडीत भोरी नव्हती आणि गर्दीनं मला मागं ढकललेलं. आत्याला वारा लागत होता. ती कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, त्या फेटेवाल्यांना सांगा, खिडकी लावा म्हनावं."

"बाजूलाच तर बसल्यात, मावशी. तुमीच सांगा की."

"आमी बोलत न्हाई."

"कोन लागत्यात तुमचं?"

"मालक हायत."

अख्खी गाडी हसली. मामांनी मुकाट्यानं खिडकी लावली.

सांगलीला स्टँडवर मी मामांना चहा विचारला. "नगं," म्हणाले. दवाखान्याबाहेर पुन्हा विचारला. पुन्हा नको.

रक्त दिलं. मग एक्स-रेची पाळी आली. नर्सनं डोरलं मागितलं. आत्यानं ते उतरवलं, पण नर्सच्या हातात देईना. मी हात पुढं केला, तर मलाही देईना. शेवटी बाकाच्या कडेला, मामांच्या मांडीजवळ ठेवलं आणि तोंड फिरवून आत गेली. मामांनी ते उचललं, फेट्याच्या शेमल्यात गाठ मारून बांधलं आणि ती गाठ मुठीत धरून बसले.

त्यानंतर कार्डिओग्राम. पडद्यामागं टेबलावर आत्या निजलेली, हातापायांना पट्ट्या, वायरी. पडदा पुरता सरकला नव्हता. मामा फटीशी उभे होते, मी त्यांच्या मागं. यंत्रातून कागदाची पट्टी यायला लागली. एरवी कुणाला न भिणारी आत्या इतकी लहान दिसत होती! तिनं मान वळवली, फटीकडं बघितलं आणि म्हणाली,

"आवं..."

"मावशी, बोलायचं नाही!" यंत्रावरचा तरुण म्हणाला. "पट्टी बिघडते. गप्प पडून राहा."

मामा एकदम पुढं झाले. "काय गं?"

मधे म्हैस नव्हती, मी नव्हतो. इतक्या वर्षांनी सरळ दोन शब्द. पण आत्यानं ओठ मिटले. डॉक्टरांचं तिनं सगळं ऐकायचं ठरवलं होतं, म्हणून हेही ऐकलं. पट्टी पुरी झाली, ती कपडे सारखे करून बाहेर आली, मामांनी गाठ सोडून बाकावर ठेवलेलं डोरलं घातलं आणि मला म्हणाली, "सांग त्येंना, झालं म्हनावं."

डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, घागरी उचलू नका. मग स्टँडवर मामांनी आपणहून चहा मागितला, आणि त्यावर आणखी एक. आत्या औषधं पिशवीत भरत होती, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "आत काय म्हनत हुती रं ती?"

"ठाऊक नाही, मामा. विचारू?"

"नगं. सांगंल कवातरी."

त्यानंतर घरात पाणी मामाच आणू लागले.

पुढच्या वर्षी मामा गेले. शेतातून आले, ओसरीवर टेकले आणि तिथंच आडवे झाले. आत्याच्या काळजीत त्यांची छाती कुणी तपासलीच नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर मी आत्याकडं राहिलो. संध्याकाळी ती धार काढायला बसली. गळ्यात ना डोरलं, ना दोरा. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "आत्या, त्या दिवशी टेबलावर तू मामांना काय सांगणार होतीस?"

तिनं आधी धार पुरी केली.

"मी उपाशी, तर त्येंनी बी च्या घेतला न्हवता," ती म्हणाली. "मला दिसत न्हवतं व्हय? च्या तरी पिऊन या, एवढंच म्हनायचं हुतं."

"मग नंतर का नाही म्हणालीस?"

"नंतर त्येंनी पिला की. मग काय बोलायचं, ते सुचंना. म्हनलं, बोलू घरी गेल्यावर."

तिनं बादली बाजूला सारली, पदरानं हात पुसले आणि सवयीनं म्हणाली, "भोरे, सांग त्येंना..."

भोरीनं कान हलवले. आत्या दाराकडं बघत होती. तिथं मी उभा होतो, मामा उभे राहायचे त्याच जागी. मी हळूच बाजूला झालो.